शेजारणीचा विनोदी पणजोबा

मला जर्मन येतं हे मी बोलून गेले, ही माझ्या आयुष्यातली एक मोठी चूक. ती मी न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थमध्ये, घरामागच्या कुंपणापाशी, वाऱ्यानं उडालेली चादर शेजाऱ्यांच्या झाडावरून काढता काढता केली.

२०१२ साल असावं. आम्ही त्या घरात राहायला येऊन काही महिनेच झाले होते. नवऱ्याला विद्यापीठात नोकरी लागली होती आणि मी एका संशोधन संस्थेच्या लॅबमध्ये दुधाच्या भुकटीचे नमुने तपासत होते. मुलगी दोन वर्षांची होती. शेजारी ऐंशीला टेकलेल्या एक बाई एकट्या राहत. हॉस्पिटलात मेट्रन म्हणून आयुष्य गेलेलं, त्यामुळे सगळ्या जगाची चादर नीट घातली आहे की नाही हे बघायची सवय. तोंडावर मी त्यांना इथल्या रीतीनं नावानंच हाक मारायचे, पण मनात आणि घरात त्या कायम आजी होत्या. एवढ्या वयाच्या बाईला एकेरी नाव घेऊन हाक मारताना माझी जीभ आजही अडते.

तर आजी चादरीचं दुसरं टोक धरून म्हणाल्या, "तुम्ही भारतातले लोक इंग्रजी कुठं शिकता?"

मी म्हटलं, "शाळेत. आणि मी तर जर्मनही शिकले आहे. पुण्यात."

एवढंच. विषय तिथं संपायला हवा होता. आमच्या गल्लीत त्या काळी निम्मी मुलं जर्मन शिकत होती. मीही तीन परीक्षा दिल्या, जर्मनीला जायचं ठरवलं, ते काही जमलं नाही आणि मी जगाच्या दुसऱ्या टोकाला येऊन पडले. तेव्हापासून त्या भाषेचा मला काडीचाही उपयोग झाला नव्हता.

आजींनी चादर सोडून दिली. ती पुन्हा उडाली.

"शनिवारी दहाला ये," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं.

शनिवारी गेले तर त्यांच्या जेवणाच्या टेबलावर एक पत्र्याची पेटी होती. आत चार जाड वह्या, काही छापील पुस्तिका, एक निळ्या खड्याची अंगठी आणि तळाशी चामड्याच्या पट्ट्यानं बांधलेली पाकिटं. आजी खुर्चीत ताठ बसून सांगू लागल्या. हे सगळं त्यांच्या पणजोबाचं. पणजोबा जर्मनीत मोठा विनोदी नट होता, प्रहसनंही लिहायचा. एकदा प्रत्यक्ष राजा नाटकाला आला, हसून हसून त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यानं स्वतःच्या बोटातली अंगठी काढून पणजोबाला दिली. हीच ती. पणजोबाचा मुलगा, म्हणजे आजींचे आजोबा, तरुणपणी न्यूझीलंडला आले आणि इथं, ह्याच मानावातू भागात, गाई पाळून राहिले. पणजोबा वारल्यावर त्याच्या घरमालकिणीनं ही पेटी बोटीनं पाठवून दिली. घरात कुणालाच आता जर्मन येत नाही.

"मला मरायच्या आधी हे वाचायचं आहे," आजी म्हणाल्या. "आमच्या कुटुंबाचं संमेलन व्हायचं आहे कधीतरी. त्यात सांगता येईल."

मी पहिली वही उघडली आणि कपाळावर हात मारून घेतला. ते जर्मन होतं, पण मला शिकवलेलं नव्हतं. आपल्याकडे जुनी दप्तरं मोडीत असतात ना, तशी जर्मनांचीही हाताने लिहायची एक जुनी लिपी आहे. टोकदार, तिरकी, सगळी अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चाललेली. त्यात ई आणि एन मध्ये फरक नाही, एस तीन प्रकारचा, आणि ह्या माणसाचा एच म्हणजे भिंतीवरून निसटणारा खिळा.

"मला हे वाचता येत नाही," मी म्हटलं.

"तू म्हणालीस जर्मन येतं."

"येतं. पण ही लिपी वेगळी आहे."

"मग शीक," आजी म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

मला आजही कळत नाही मी नाही का म्हटलं नाही. नवऱ्यानं घरी आल्यावर तेच विचारलं. "अगं, तुला साधी आपली मोडी येत नाही. तुझ्या आजोबांच्या सनदा पुण्यात ट्रंकेत पडल्यात. त्या सोडून तू ह्या कोण कुठल्या जर्मन नटाची मोडी शिकणार?" मी त्याला गप्प बस म्हटलं, कारण त्याचं बरोबर होतं.

लायब्ररीतून अक्षरांचे तक्ते काढले. लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत बसून गिरवले. पहिलं पूर्ण वाक्य लागायला सहा आठवडे गेले. शनिवारी मी ते विजयानं आजींना वाचून दाखवलं: "आज पुन्हा सर्दी."

आजी वाट बघत राहिल्या. "पुढे?"

"पुढे, 'दिग्दर्शक गाढव आहे.'"

"बस?"

"बस. पुढच्या पानावर परत सर्दी."

असं आमचं सुरू झालं. मी आधी जर्मन वाचायची, मग स्वतःला कळावं म्हणून एका वहीत मराठीत उतरवून घ्यायची, आणि मग ते इंग्रजीत आजींना सांगायची. आजी समोर बसून मध्ये मध्ये दुरुस्त्या करत. त्यांना जर्मनचा एक शब्द येत नव्हता, पण पणजोबा काय म्हणाला असेल हे त्यांना माझ्यापेक्षा नक्की ठाऊक असायचं. "तो असं म्हणणार नाही," त्या म्हणायच्या. मी म्हणायचे, "म्हणालाय. इथं लिहिलंय." "परत बघ." मी परत बघायची. तेच लिहिलेलं असायचं.

आणि तो माणूस! मी त्याला एकेरीतच म्हणते, कारण सहा वर्षं त्यानं माझे शनिवार खाल्ले. स्वतःचा जन्म त्यानं तीन वह्यांत तीन ठिकाणी घातला होता. एकीकडे वडील हातमोजे शिवणारे, दुसरीकडे हातमोज्यांचे व्यापारी, तिसरीकडे हा स्वतः सरदाराचा अनौरस मुलगा. मी शेवटी हातमोजे शिवणारे धरले, कारण तेवढ्याच पानावर सर्दीची तक्रार नव्हती आणि मला तो खरं बोलतोय असं वाटलं.

सॅक्सनीतलं लहान गाव. तिसरा मुलगा. सतराव्या वर्षी गावात एक फिरती नाटक कंपनी आली, खाणावळीच्या कोठारात तिचे खेळ झाले, आणि चौथ्या दिवशी कंपनीबरोबर हाही गायब. त्याला व्हायचं होतं शोकान्त नाटकांतला नायक. उंच होता, आवाज खर्जातला होता, रडता यायचं. पहिल्याच भूमिकेत त्याला द्वंद्वात मरायचं होतं. तो छान मेला, असं त्याचंच म्हणणं. नायिका त्याच्या छातीवर पडून रडू लागली, तिच्या टोपाची पावडर ह्याच्या नाकात गेली, आणि प्रेत शिंकलं. एकदा नाही, चार वेळा. लोक बाकावरून खाली पडायचेच बाकी राहिले. दुसऱ्या दिवशी मालकानं त्याला विनोदी नोकराचा अंगरखा दिला, आणि पुढची चाळीस वर्षं तो अंगरखा त्याच्या अंगावरून उतरला नाही.

ह्याचा त्याला आयुष्यभर राग होता. लोक त्याला रस्त्यात बघून हसत, तो तोंड फिरवून घेई. वह्यांमध्ये विनोद औषधालाही नाही. तक्रारी मात्र ढीगभर. प्रॉम्प्टर झोपतो. तंबाखूचा धूर फार. अमक्या गावचे लोक चुकीच्या जागी हसतात. प्रहसनं तो लिहायचा ती तर मला पाठच झाली, कारण सगळी एकच होती. परदेशातून आलेला श्रीमंत काका, त्याची पुतणी, पुतणीचा कफल्लक प्रियकर, अदलाबदल झालेली ट्रंक आणि मार खाणारा नोकर. नोकर हा स्वतः. कधी काका ब्राझीलहून यायचा, कधी रशियातून. तेवढाच फरक. पाचव्या पुस्तिकेत काका आला तेव्हा मी ती टेबलावर आपटली.

"हे आपण वाचलंय," मी म्हटलं.

"हा तुर्कस्तानातून आलाय," आजी म्हणाल्या. त्यांनी टिपणं ठेवली होती.

कधी कधी मला त्यांचाच जास्त राग यायचा. सकाळी नऊ छप्पन्नला त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा लागायचा, म्हणजे मला दिसावा. मी एकदा मुलीला पोहायला न्यायचं म्हणून येत नाही सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "स्वीट अॅज," म्हणजे काही हरकत नाही, आणि पुढच्या शनिवारी दारातच विचारलं, "तिचे पोहायचे टॉग्ज वाळले का? मग आता तू मोकळी असशील." त्यांना नाही म्हणणं म्हणजे वाऱ्याला नाही म्हणणं, आणि पामर्स्टनमध्ये राहणाऱ्याला वारा म्हणजे काय ते सांगायला नको.

तिसऱ्या वहीत राजा आला.

मी ती पानं घरीच आधी वाचली. नट तेव्हा एका छोट्या संस्थानाच्या दरबारी थिएटरात होता. राजा पाहुणा म्हणून आला, नाटकाला बसला, पहिला अंक होईपर्यंत पेंगला. दुसऱ्या अंकात नोकर मार खात असताना विंगेतून थिएटरच्या रखवालदाराचा कुत्रा रंगमंचावर आला, काकाचा बूट हुंगून त्यानं त्यावर तंगडी वर केली. राजा जागा झाला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. खेळ संपल्यावर त्यानं कुत्र्याची चौकशी केली. नटाची केली नाही. पुढे एका ओळीत लिहिलं होतं, की ते थिएटर सोडताना नटानं नाटकातल्या सामानाच्या पेटीतून काकाची निळ्या खड्याची अंगठी उचलून खिशात घातली, कारण त्याला काहीतरी मिळायलाच हवं होतं.

शनिवारी मी ते जसंच्या तसं वाचलं.

"परत वाच," आजी म्हणाल्या.

वाचलं.

"परत."

तिसऱ्यांदा वाचल्यावर त्या म्हणाल्या, "तुला राजा आणि कुत्रा ह्या शब्दांतला फरक नक्की कळतो ना?"

"ते दोन्ही शब्द पहिल्याच महिन्यात शिकवतात," मी म्हटलं.

"तुझं जर्मन पुण्याचं आहे."

हे ऐकून मात्र माझं डोकं फिरलं. मी माझी वही मिटली, जॅकेट घातलं आणि म्हटलं, "मग जर्मनीहून कुणाला तरी बोलवा," आणि घरी आले. नवऱ्याला वाटलं आता सुटलो. पुढचे दोन शनिवार दिवा लागला नाही. तिसऱ्या शनिवारी आमच्या पायरीवर फीजोआ फळांची टोपली होती आणि वर चिठ्ठी: 'पुढचं पान.' माफी नाही, कृपया नाही. मी चिठ्ठी चुरगळली आणि दहाला गेले.

त्यानंतर नटाचे दिवस फिरले. गाण्यांची नवी नाटकं आली, लोकांना त्यांचं वेड लागलं आणि ह्याला गाता येत नव्हतं. मोठं थिएटर सुटलं. आजारी लोक औषधी पाणी प्यायला येतात अशा एका गावातल्या उन्हाळी थिएटरात काही वर्षं काढली. मग बिअरच्या दुकानांत नकला. शेवटी एका बेकरीच्या वरची खोली, आणि तिथं बसून ह्या चार वह्या. बायकोचा उल्लेख अर्धं पान. तीही नटी होती, मोलकरणीची कामं करायची, मुलगा तीन वर्षांचा असताना तापात गेली. आणि मुलाबद्दल, म्हणजे आजींच्या आजोबांबद्दल, चार वह्यांत मिळून एकच वाक्य: मुलाला माझ्या बहिणीकडे ठेवलं, तिचा नवरा खेड्यात शाळामास्तर आहे, घर देवभोळं आहे, जेवण चांगलं मिळतं.

सर्दीला एवढी पानं आणि पोटच्या पोराला एक ओळ. मी आजींना तसं म्हणाले. त्या म्हणाल्या, "आजोबाही त्याच्याबद्दल बोलायचे नाहीत. आमच्या जेवणाच्या टेबलावर कुणी मोठ्यानं हसायचं नाही, असा नियम होता. मी सहा वर्षांची असताना एकदा पाद्रीबाबांची नक्कल केली. सगळे हसले. आजोबा उठले आणि गोठ्यात निघून गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत."

वह्या संपल्या तेव्हा २०१६ उजाडलं होतं. मी सुटकेचा निःश्वास टाकला. आजींनी पेटीच्या तळाची पाकिटं काढली.

"ही कुणाची असतील? आई म्हणायची कुठल्या तरी वकिलाची आहेत, म्हणून आजोबांनी फोडली नाहीत, तशीच पेटीत टाकली."

सात पाकिटं, सगळी चिकटवलेली, लाखेचे ठिपके तसेच. मी वरचं हातात घेतलं. पत्त्यातला एच भिंतीवरून निसटत होता. चार वर्षं मी त्या एचला शिव्या दिल्या होत्या. तो मला अंधारातही ओळखू आला असता.

"वकिलाची नाहीत," मी म्हटलं. "हा तोच आहे. त्यानं मुलाला लिहिलेली आहेत. इथं, न्यूझीलंडला."

आजींनी माझ्या हातातून पाकीट घेतलं, मागून पुढून बघितलं आणि परत ठेवलं. तीन आठवडे आम्ही त्यांना हात लावला नाही. आजींचं म्हणणं, आजोबांनी फोडली नाहीत म्हणजे ती फोडायची नाहीत. माझं म्हणणं, मग मला दाखवली कशाला? चौथ्या शनिवारी मी गेले तेव्हा त्यांनी लोण्याची सुरी धुऊन पुसून टेबलावर ठेवली होती.

पहिल्या तीन पत्रांत नेहमीचंच. खोली गार आहे. बेकरीवाल्याची बायको भांडखोर आहे. तिकडचे लोक कशाला हसतात? माओरी लोक नाटकं करतात का? उत्तर पाठव. मी वाचता वाचता जांभई दिली. चौथ्या पत्रात मी अडखळले आणि आजींना म्हटलं, "थांबा, हे मी आधी नीट वाचते." वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला टोकलं नाही.

त्यात असं होतं. मुलगा नऊ वर्षांचा असताना आत्या त्याला शहरात घेऊन आली. त्यानं बापाला कधी रंगमंचावर पाहिलं नव्हतं. दोघं वरच्या गॅलरीत बसली. दुसऱ्या अंकात काका नोकराला गालिचा झोडायच्या काठीनं बडवतो. ते सुरू झालं आणि गॅलरीत मुलगा उभा राहून किंचाळला, "मारू नका त्यांना, ते माझे बाबा आहेत!"

सगळं थिएटर हसलं. नटानं लिहिलं होतं: 'असा हशा मला त्याआधी कधी मिळाला नव्हता आणि नंतरही नाही. मी जमिनीवर पडलेलो होतो. मला उठून तुझ्याकडे बघता आलं असतं. मी उठलो नाही. हशा मोडेल म्हणून तसाच पडून राहिलो.'

दुसऱ्या दिवशी त्याच जागी कुणी हसलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं कंपनीतल्या एका ठेंगण्या नटीला गॅलरीत बसवलं आणि तिच्याकडून लहान मुलाच्या आवाजात तेच वाक्य ओरडून घेतलं. ते इतकं चाललं, की सबंध हिवाळा रोज रात्री ते ओरडलं गेलं. पुढे ते प्रहसन छापलं (ती पुस्तिका आमच्या पेटीत नव्हती) तेव्हा ते वाक्य त्यानं पुस्तकात घातलं. मुलानं सोळाव्या वर्षी ते पुस्तक वाचलं.

पत्राचा शेवट असा होता: 'मला ह्याची लाज वाटते का, हे मी रोज स्वतःला विचारतो. सकाळी वाटते. संध्याकाळी, पडदा उघडायच्या वेळेला, वाटत नाही. मी तुला खोटं लिहीत नाही, एवढंच समज.'

मी ते इंग्रजीत सांगून संपवलं. आजी टेबलावरच्या लोण्याच्या सुरीकडे बघत होत्या.

"शेवटी काय लिहिलंय? क्षमा कर?"

"नाही."

"नीट बघ."

"बघितलं. नाही लिहिलं."

"तू क्षमा कर असं लिही," आजी म्हणाल्या. आवाज मेट्रनचा होता. "इंग्रजीत तसं लिही. त्याला तेच म्हणायचं होतं."

"त्याला ते म्हणायचं असतं तर त्यानं म्हटलं असतं. हा माणूस न म्हणता काही ठेवत नाही."

"दोन शब्द आहेत नुसते!"

"मी लिहिणार नाही," मी म्हटलं, आणि माझाही आवाज चढला. "एवढी चार वर्षं तुम्ही मला परत बघ, परत बघ म्हणून छळलंत. मी परत बघायला शिकले. आता तिथं नाही ते मी घालणार नाही."

मग आजी म्हणाल्या, "मला वाटायचं आजोबा माझ्यावर रागावले होते. त्या नकलेवरून." आणि त्या रडल्या, ऐंशी ओलांडलेली ती करडी बाई, नाक न पुसता, लहान मुलीसारखी. मी उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "पाचवं पत्र."

बाकीच्या तीन पत्रांत त्या गोष्टीचा उल्लेखसुद्धा नव्हता. बेकरी, गुडघे, तक्रारी. मला ती पत्रं फाडून टाकावीशी वाटली.

संमेलन झालं २०१८ च्या उन्हाळ्यात, पामर्स्टनबाहेरच्या एका गावातल्या हॉलमध्ये. सत्तरएक माणसं, लांब टेबलं, हॅम, पाव्हलोवाचे गोड केक, प्रत्येकाच्या छातीवर कोण कुणाचा कोण ह्याची चिठ्ठी. मी आठवडाभर बसून सगळ्याचं इंग्रजी टाइप करून, वीस प्रती काढून, शिवून नेल्या होत्या. आजींनी मला सांगितलं होतं, प्रती गाडीतच राहू देत, मी आधी बोलते.

त्या उभ्या राहिल्या, अंगठी वर धरली, आणि त्यांनी राजाची गोष्ट सांगितली. जुनी. राजा हसला, राजाच्या डोळ्यांत पाणी आलं, राजानं स्वतःच्या हातानं अंगठी दिली. कुत्र्याचा पत्ता नाही. वर राजा उभा राहिला हे त्यांनी नव्यानं घातलं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मी मागे कागदी ताटली धरून उभी होते. त्या ताटलीचे मी दोन तुकडे केले हे मला नवऱ्यानं सांगितल्यावर कळलं.

परत येताना आजी माझ्या गाडीत होत्या. मी हमरस्त्याला लागेपर्यंतही दम धरला नाही.

"सहा वर्षं!" मी म्हटलं. "मी एक मेलेली लिपी शिकले. मुलीच्या पोहण्याच्या स्पर्धा बुडवल्या. आणि तुम्ही उठून तेच सांगितलंत जे तुम्हाला मी यायच्या आधीपासून येत होतं!"

"पार दक्षिण टोकाच्या इन्व्हरकार्गिलहून आले होते लोक," आजी म्हणाल्या. "त्यांना कुत्रा सांगायचा?"

"हो! खरं आहे ते!"

"आणि दुसरंही सांगायचं? माझे आजोबा गॅलरीत उभे राहून ओरडले ते?"

मी उगाच आरसा नीट केला.

"ते आधीच सगळ्यांना रोज सांगून झालंय," आजी म्हणाल्या. "एक सबंध हिवाळा. हॉल भरून लोक बसलेले असताना. मी नाही परत सांगणार." त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "त्यांनी पाकिटं फोडली नाहीत. मी फोडली. तेवढं मला पुरे."

मला आणखीच राग आला. "मग मला प्रती कशाला काढायला लावल्यात?" मी म्हटलं.

"मी लावल्या नाहीत. मी फक्त वाचून दाखव म्हटलं होतं."

हे अगदी खरं होतं.

त्या हिवाळ्यात आजी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यांच्या भाचीनं त्यांना लोअर हट नावाच्या गावी, आपल्या घराजवळच्या वृद्धाश्रमात नेलं. मी दोनदा भेटायला गेले. दुसऱ्यांदा त्यांनी मला विचारलं, की तिसऱ्या पुस्तिकेतला काका ब्राझीलहून आला होता की पेरूहून. मी ब्राझील म्हटलं. त्या पेरू म्हणाल्या. नर्स येऊन आम्हाला आवाज कमी करायला सांगून गेली. २०१९ च्या सुरुवातीला आजी गेल्या. पेटी भाचीकडे गेली. आजींकडे ठेवलेल्या वीस प्रतींचं काय करायचं हे तिनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, एक ठेव, बाकीच्या फाड. आजींची इच्छा मला तेवढी समजली होती.

माझी मराठी वही मात्र माझ्याकडेच राहिली. त्यात सगळं होतं, कुत्रा, अंगठी, चौथं पत्र. एका दुपारी मुलगी ती घेऊन आली. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. मराठी सगळं कळायचं, वाचता यायचं नाही, आणि उत्तर कायम इंग्रजीत.

"यात काय आहे? वाच ना," असं ती तिच्या इंग्रजीत म्हणाली. मी नको नको म्हणत वाचलं. शिंकणाऱ्या प्रेतावर ती लोळून हसली. सगळे काका तिला आवडले. मग मी चौथं पत्र वाचलं. वाचायला नको होतं असं मध्येच वाटलं, पण ती मांडी घालून बसली होती आणि हलत नव्हती.

संपल्यावर ती म्हणाली, "बट हू टुक हिम होम, आई?"

"कुणाला?"

"द बॉय. आफ्टर एव्हरीवन लाफ्ड."

मी पानं उलटली. मागची, पुढची. आत्या बरोबर होती, एवढं होतं. लगेच उठून गेली की नाटक संपेपर्यंत बसून राहिली, वाटेत कुणी त्याच्याशी बोललं का, बाप त्या रात्री भेटला का, काही नाही. सहा वर्षांत आम्हा दोन बायांपैकी एकीनंही ते विचारलं नव्हतं.

"माहीत नाही गं," मी म्हटलं. "त्यानं लिहिलेलं नाही."

"दॅट्स सो डम्ब," ती म्हणाली, खूप चिडून, आणि मला त्यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.